गुण आला, पण कशानं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. सेलू तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे, थोडी शेतीही आहे. आई बासष्ट वर्षांची. चार वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे धरलेत, उजवा जास्त. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, वजन ७४ किलो. खाली बसली की उठताना कुणाचा तरी हात लागतो. माजलगावची मावशी एका बाबाकडून पुड्या आणते. आठ दिवसांत तिचे गुडघे मोकळे झाले, आता आईलाही घे म्हणून मागं लागलीय. सेलूच्या डॉक्टरांनी वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय. मेहुणा म्हणतो, आपलंच रक्त काढून गुडघ्यात सोडतात ते करा, त्याच्या साहेबांना फरक पडला. मागच्या महिन्यात तालुक्याला मोफत शिबिर झालं, तिथं एक्स-रे बघून सांगितलं की दोन्ही वाट्या एकदमच बदलून टाका. शेजारी आयुर्वेदिक तेल आणि गोळ्या सांगतात. आई म्हणते, "मला चिरू नका, मी अशीच बरी." यंदा कापसाचे थोडे पैसे हाताशी आहेत. यातला सगळ्यात गुणकारी उपाय कोणता ते एकदा सांगा, म्हणजे त्यातच पैसे घालतो.

— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

आधी पुड्यांचं बोलू. बाकीचं महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही. वर्षानुवर्षं धरलेले गुडघे आठ दिवसांत मोकळे करणारी, वर ना नाव ना घटक अशी पुडी दिसली की डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कुटून जडीबुटीच्या चूर्णात मिसळल्याची प्रकरणं आपल्या देशात वारंवार उघड झाली आहेत. स्टेरॉइडनं सूज झपाट्यानं ओसरते, भूक लागते, अंगात हुशारी येते, म्हणून तर विश्वास बसतो. पुढे चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसायला लागतो, कातडी पातळ होऊन जरा काही लागलं की काळंनिळं पडतं, साखर आणि बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. तुमच्या आईंना साखर आणि बीपी आधीच आहे. त्यांनी एकही पुडी घेऊ नये.

मावशींच्या पुड्या मात्र हिसकावून फेकू नका. त्या महिनोन् महिने चालू असतील तर एकदम बंद करणंही धोक्याचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. मग पुरवठा अचानक तुटला तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, बीपी खाली येतं. उरलेल्या पुड्यांसकट त्यांना फिजिशियनकडे न्या. माजलगावहून अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय फार लांब नाही. पुड्या कुणी दिल्या, का घेतल्या, यावर तिथं भांडण नको. किती दिवसांपासून घेताय एवढं खरं सांगितलं की डॉक्टर हळूहळू कशा कमी करायच्या ते ठरवतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या पत्रातला पुरावा सगळा एकाच जातीचा आहे: मावशीला फरक पडला, साहेबांना फरक पडला, शेजाऱ्यांच्या ओळखीतल्या कुणाला तरी पडला. यात कुणी खोटं बोलत नाही. फरक खरंच पडला असणार. पण तो त्या उपायानंच पडला का, हे त्यावरून कळत नाही.

गुडघ्याची झीज हे चढउताराचं दुखणं आहे. सोयाबीन काढताना ठणकतं, वेचणीत आणखी वाढतं, थंडीत सांधे आखडतात. उन्हाळ्यात शेतातलं काम कमी झालं की जरा सैल होतात. माणूस दवाखान्याची पायरी कधी चढतो? अगदी असह्य झालं की, म्हणजे चढाच्या टोकावर. त्यानंतर काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी महिना-दीड महिन्यात दुखणं थोडं उतरतंच. मधल्या काळात जो उपाय केला असेल त्याच्या खात्यात ते यश जमा होतं. शिवाय डॉक्टरांनी आस्थेनं विचारपूस केली, सुई टोचली, चार-पाच हजार मोजले, की बरं वाटण्याची अपेक्षा तयार होते. वेदना शेवटी मेंदूत जाणवते, त्यामुळे नुसत्या अपेक्षेनंही ती खरोखरीच कमी होते. याला ढोंग म्हणायचं कारण नाही.

ही अपेक्षेची आणि चढउताराची रक्कम किती मोठी असते ते बघा. अमेरिकेत १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडले. कुणाला ग्लुकोसामाइन, कुणाला कॉन्ड्रॉइटिन (सांध्याच्या पोषणासाठी म्हणून विकतात ती), कुणाला दोन्ही, कुणाला सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी, आणि एका गटाला हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं, तपासणाऱ्यालाही नव्हतं. चोवीस आठवड्यांनी मोजलं: दुखणं निदान पाचव्या हिश्शानं कमी झालेले रुग्ण किती? सेलेकॉक्सिबवर शंभरात ७०. ग्लुकोसामाइनवर ६४, दोन्ही मिळून ६७. आणि औषध नसलेल्या गोळीवर ६०.

शंभरात साठ, गुरुजी. नुसत्या गोळीवर. म्हणजे उद्या कुणी तुम्हाला सांगितलं की माझ्या औषधानं दहातल्या सहा जणांना आराम पडतो, तर तो खरं बोलत असूनही त्याचं औषध शून्य किमतीचं असू शकतं. सेलेकॉक्सिबची स्वतःची कमाई त्या सत्तरातली दहा. ग्लुकोसामाइनचे चार तर योगायोगानंही पडू शकतील इतके थोडे. तरी ते डबे आपल्याकडं अजून सर्रास लिहून दिले जातात, आणि महिन्याचा खर्च चांगला घसघशीत असतो.

गोळीचं सोडा, ऑपरेशनचंही असं होतं. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर दुर्बिणीतून गुडघा धुण्या-खरवडण्याची चाचणी झाली, ती २००२ मध्ये छापून आली. एका गटाचं खरं ऑपरेशन, दुसऱ्याचा सांधा फक्त धुतला, आणि तिसऱ्या गटाला भूल देऊन कातडीवर नुसते छेद घेतले. आत काहीही केलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांत दुखणं आणि चालणं यांत फरक निघाला नाही. नुसते छेद घेतलेले लोकही बरं वाटतंय म्हणून सांगत होते. तुमच्या यादीत दुर्बिणीचं ऑपरेशन नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगून ठेवलं. गुडघा मधेच अडकून पडतो, सरळच होत नाही, अशी अडचण असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या झिजेसाठी नको.

तुम्ही शेती करता, तेव्हा हे तुम्हाला नवं नाही. नवं वाण आलं की शहाणा शेतकरी अख्खं वावर त्यात घालत नाही. निम्म्यात नवं, निम्म्यात जुनं, एकाच पावसावर, एकाच खतावर. कृषी विद्यापीठाचं गाव तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथल्या प्रयोगाच्या वाफ्यांतही हेच चालतं. औषधाला हाच न्याय लावायचा. कुणी "गुण येतो" म्हणालं की विचारायचं: कशाच्या तुलनेत? शंभरात किती जणांना जास्त? आणि किती महिने टिकतो?

या प्रश्नांवर तुमची यादी तपासू.

वंगणाचं इंजेक्शन म्हणजे हायलुरोनिक आम्ल. कल्पना मनाला पटकन पटते, वंगण संपलं म्हणून वंगण भरा, आणि त्यामुळंच ते खपतं. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं १६९ चाचण्यांचा, २१ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्र हिशेब छापला. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा या इंजेक्शनचा जास्तीचा फायदा निघाला तो वेदनेच्या शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर दोन मिलिमीटर. रुग्णाला जाणवेल असा हा फरकच नाही, उलट गंभीर दुष्परिणाम थोडे जास्त निघाले. सेलूच्या डॉक्टरांवर राग धरू नका. त्यांच्यासमोर इंजेक्शन घेऊन खुशीत परतणारे रुग्ण रोज येत असतील. नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलेला गट त्यांना कधी दिसत नाही, इतकंच.

मेहुण्यांनी सांगितलेलं रक्ताचं इंजेक्शन, ज्याला पीआरपी म्हणतात, त्याची कसोटी ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर लागली आणि २०२१ मध्ये निकाल आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाईनचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. वर्षानं दहाच्या मापावर दुखणं पीआरपीवर २.१ नं उतरलं, पाण्यावर १.८ नं. कूर्चा, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, दोन्हीकडं सारखीच झिजली. साहेबांना फरक पडला असेलच, पाण्यावरच्या लोकांनाही पडला होता. साहेबांना परवडतं, तुम्ही कापूस विकून ते करू नये.

गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन तुमच्या यादीत नाही, पण ते पुढेमागे निघेल. पुडीतल्या स्टेरॉइडसारखं ते चोरून दिलेलं नसतं, आणि सूज आलेल्या गुडघ्याला काही आठवडे खरा आराम देतं. लग्नकार्य तोंडावर आलंय आणि गुडघा टम्म फुगलाय, अशा वेळी एखादं ठीक. मात्र दर तीन महिन्यांनी दोन वर्षं घेत राहिलेल्या रुग्णांची गादी पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक काहीच नव्हता, असं २०१७ मधल्या १४० रुग्णांच्या चाचणीत दिसलं. आईंना शुगर आहे. इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा द्यायची वेळ आलीच तर देणाऱ्या डॉक्टरांना शुगरचं आधी सांगा आणि घरी तपासत राहा.

आयुर्वेदाबद्दल मला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकारानं ४४० रुग्णांवर चांगली चाचणी झाली, ती २०१३ मध्ये छापून आली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांची औषधं एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. चोवीस आठवड्यांत चारही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. सेलेकॉक्सिबच्या बरोबरीनं उभं राहणं ही लहान गोष्ट नाही. दोन गोष्टी मात्र मनात ठेवा. त्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीचा गट नव्हता, त्यामुळं सगळ्यांनाच जो आराम पडला त्यातला औषधाचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही. आणि काही रुग्णांच्या रक्तात यकृताच्या तपासणीचा एक आकडा वाढला होता, त्रास काही नसताना. म्हणजे झाडपाल्याचं आहे, अपाय नाही, हे खरं नाही. प्रशिक्षित वैद्यांकडून, लेबल असलेलं औषध घ्यायचं असेल तर बीपी-शुगरच्या डॉक्टरांना सांगून घ्या. तेलानं मालिश करा, हरकत नाही. तेल सांध्यात मुरत नाही, पण चोळल्यानं स्नायू सैलावतात. संध्याकाळी सून किंवा नात पायाशी बसून दहा मिनिटं तेल लावते, त्याचाही आराम पडतोच, आणि तो कुठल्या आकड्यात बसवायला मी जाणार नाही.

रोजच्या दुखण्यासाठी माझी पहिली पसंती डायक्लोफेनॅकच्या मलमाला. सहा ते बारा आठवडे लावल्यावर दुखणं निम्म्यावर आलेले शंभरात साधारण ६०, आणि औषध नसलेलं मलम लावलेल्यांत ५०. पुन्हा दहाचाच फरक, पण इथं औषध बहुतांशी गुडघ्यापुरतं राहतं, रक्तात फार थोडं जातं. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन आठवडे नेमानं लावायचं. दुखलं तेव्हा बोटभर लावून काही होत नाही.

याच जातीच्या पोटात घ्यायच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक वगैरे, जास्त परिणामकारक आहेत यात शंका नाही. पण आईंसाठी त्या धोक्याच्या. बीपी चढवतात, पोटात व्रण करतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत, विशेषतः लघवी जास्त होण्याच्या गोळीसोबत, मूत्रपिंडावर ताण आणतात. शुगरवाल्या माणसाचं मूत्रपिंड आधीच नाजूक. मेडिकलवाल्याला "गुडघ्याची गोळी द्या" म्हणून चार-चार गोळ्यांची पुडकी आणायची आपल्याकडं जी रीत आहे, ती आईंच्या बाबतीत बंद करा. घ्यायच्याच झाल्या तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, थोडे दिवस. पॅरासिटामॉल त्या मानानं निर्धोक, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग अगदी थोडा होतो.

आता तुमच्या यादीत नसलेल्या उपायाकडं येतो. तो यादीत का नाही, हे उघड आहे: तो विकायला कुणी येत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर "बिनऑपरेशन गुडघेदुखीपासून मुक्ती"च्या दहा जाहिराती दिसतील, मांडीच्या व्यायामाची एकही नाही.

अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांतली २०२० मधली चाचणी आहे, १५६ रुग्णांची. निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी. दुखणं, आखडणं, चालणं मिळून २४० गुणांचं माप, जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. सुरुवातीला दोन्ही गट १०८ च्या आसपास. वर्षानं इंजेक्शनचा गट ५६ वर आला, फिजिओथेरपीचा ३७ वर. इंजेक्शनवाल्यांचा त्रासही निम्मा झाला होता, हे लक्षात घ्या. शेजारी दुसरा गट नसता तर इंजेक्शनचा जयजयकार झाला असता.

व्यायामाची बाजू मी उगाच फुगवत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ अखेरच्या आढाव्यात असंच निघालं की व्यायामाचा फायदा आहे, पण तो रुग्णाला ठळक जाणवण्याइतका मोठा आहे का, याची खात्री नाही. तरी त्याला पैसे पडत नाहीत, मूत्रपिंडाला अपाय नाही, आणि त्यानं आईंची साखर आणि बीपीही थोडं खाली येईल. बाकीच्या उपायांशी तुलना करताना हा वरचा लाभ धरायलाच हवा.

आई म्हणतील, जन्मभर वावरात राबले, आणखी कसला व्यायाम? रास्त आहे. पण वाकून, उकिडवं बसून केलेलं काम गुडघ्यावर भार टाकतं, मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघ्याला आधार देतो, तो त्यानं हवा तसा बळकट होत नाही. बाजेवर किंवा पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच अंक मोजेपर्यंत धरायची, सोडायची. दहादा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरानं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं सुरू करा. खुर्ची उंच घ्या, लागल्यास खाली एक उशी घाला. सुरुवातीला थोडं दुखेल, चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त दुखला किंवा सुजला तर निम्मं करा. पहिल्या दोन-तीन वेळा जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. यूट्यूब बघून केलं की लोक गुडघा जिथं वाकवू नये तिथंच वाकवतात.

वजनाचा हिशेब साधा आहे: अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार उतरतो. आईंचं वजन पाच किलोंनी जरी कमी झालं तरी पावलागणिक वीस किलो. उपाशी ठेवू नका. चहातली साखर, संध्याकाळचे तळलेले पदार्थ आणि भात आवरा, भाकरी-भाजी-वरण राहू द्या. वजन उतरायला लागलं की शुगरच्या गोळीचा डोस बदलावा लागू शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना कळवत राहा.

आणि शिबिराचा सल्ला. वाट्या बदलणं हा यादीतला सगळ्यात प्रभावी उपाय आहे, हे मी स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी ऑपरेशनच्या विरोधात आहे. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत, जिचा निकाल २०१५ साली आला, ऑपरेशनला योग्य ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एकाचं ऑपरेशन आणि त्यानंतर व्यायाम वगैरे, दुसऱ्याला व्यायाम, आहार, गोळ्या, बुटातला आधार एवढंच. वर्षानं ठळक सुधारणा ऑपरेशनवाल्यांत शंभरी ८५ जणांना, दुसऱ्या गटात ६८ जणांना. म्हणजे ऑपरेशन सरस. मात्र गंभीर त्रासाच्या घटना पहिल्या गटात २४, दुसऱ्यात ६. आणि ऑपरेशनला योग्य ठरूनही दुसऱ्या गटातल्या पन्नासांपैकी फक्त १३ जणांनी वर्षभरात ते करून घेतलं. उरलेल्यांना तोपर्यंत गरज वाटली नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आईंनी आजवर नेमानं व्यायाम केलेला नाही, वजन उतरवलेलं नाही, मलम नीट लावलेलं नाही. हे सगळं करूनही रात्री दुखण्यानं झोपमोड होत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर ऑपरेशनला घाबरू नये. अशा बदललेल्या सांध्यांपैकी शंभरातले सुमारे ८२ पंचवीस वर्षांनीही टिकलेले असतात. पण नुसत्या एक्स-रेवर निर्णय नको. एक्स-रेत भयंकर झीज दिसणारे कित्येक जण मजेत चालतात, आणि थोडी झीज असलेले कण्हत असतात. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करायचा आग्रह असेल तर शुगर-बीपी असलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईला हृदयाचा आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका किती वाढतो, हे सर्जनला तोंडावर विचारा. उजवा जास्त दुखतो ना, मग आधी उजवाच का नको, तेही विचारा. ऑपरेशनआधी तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात हवी, नाहीतर जखमेत जंतुसंसर्गाची भीती. नंतर उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बहुधा सोडावं लागतं, हे आईंना आधीच सांगा. पंगतीत बसता येणार नाही याचं त्यांना जास्त वाईट वाटेल, चिरण्याचं कमी.

दुसरं मत सरकारी दवाखान्यात घ्या. सेलूहून रेल्वेनं संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय किंवा नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही गाठता येतात. अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जा, एक्स-रे सोबत ठेवा. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारा की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे आणि कोणत्या अटींवर होतं. खासगीत करायची वेळ आली तर हे माहीत असू द्या: केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची तेव्हाची मर्यादा कर सोडून ५४,७२० रुपये होती. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

एक अपवाद. गुडघा अचानक लाल, गरम, टम्म सुजला, सोबत ताप आला, किंवा सकाळी बोटांचे सांधेही तासभर आखडलेले राहत असतील तर ही नुसती झीज नाही. तेव्हा माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा.

आता कापसाचे पैसे. कमोडची खुर्ची घ्या. चूल किंवा गॅस जमिनीवर असेल तर उभ्यानं स्वयंपाक होईल असा ओटा करून घ्या. फिजिओथेरपिस्टच्या दोन-चार खेपा, क्रिएटिनिन आणि साखरेच्या तपासण्या, मलम. शाळेतल्या जुन्या वहीत आजची तारीख टाकून लिहा: आई न थांबता कुठवर चालतात, रात्री दुखण्यानं किती वेळा जाग येते, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठतात. दर पंधरवड्याला पुन्हा लिहा, आणि तीन महिने दुसरा कुठलाही उपाय मधे घुसवू नका, नाहीतर कशानं काय झालं ते तुम्हालाही सांगता येणार नाही. एक चांगली काठी आणा. उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणून ती डाव्या हातात धरायला सांगा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून कोपऱ्यात ठेवून देतात. उरलेले पैसे खात्यात राहू द्या. वही भरल्यावर ऑपरेशनच करावं लागेल असं दिसलं, तर ते तेव्हा लागतील.